पाट्यावर हात ठेवून

घरात पाटा-वरवंटा असेल तर तो आज बाहेर काढा. ओट्याखाली, बाल्कनीत कुंड्यांच्या मागे, गच्चीच्या जिन्याखाली, कुठंतरी असेलच. मिक्सर आल्यापासून त्याच्याकडे कुणी पाहिलेलं नसतं, आणि टाकून द्यायला तो फार जड असतो. नसेल तर जुन्या वाड्याची पायरी चालेल, देवळाच्या ओवरीचा खांब चालेल. यातलं काहीच जवळ नसेल तर रस्त्याच्या कामावर पडलेली खडी मूठभर उचला. सगळा एकाच घरचा माल आहे, काळा कातळ. त्यावर तळवा टेकवा आणि नुसते बसा.

श्रवण, मनन, निदिध्यासन अशी जुनी वाट आहे. त्यातलं ऐकायचं काम आपण उदंड करतो. अमुक देशात ज्वालामुखी फुटला, इतके गेले, इतक्यांना हलवलं. लगेच पुढची बातमी क्रिकेटची. मधली पायरी राहून जाते. आज तेवढीच चढू.

तळव्याला आधी गारवा लागेल, मग खरखर. ती टाकीच्या घावांची. आमच्या गल्लीत ‘टाकी लावायची काऽय’ अशी हाळी देत एक बाई यायची. उन्हात पाटा आडवा टाकून छिन्नीनं त्यावर ओळीनं टिंबं पाडत जायची. आम्ही पोरं वाकून बघायला लागलो की म्हणायची, डोळं मिटा रं, कच उडतीया. एकदा माझ्या डोळ्यात गेलीच. कण्यांहूनही बारीक एकच कण, पण दोन दिवस पापणी उघडवत नव्हती. तो कण लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

आता हा हाताखालचा दगड एकेकाळी वाहत होता, हे मनात आणून बघा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, हजार अंशांच्याही वर तापलेला रस होऊन. शाळेतल्या चित्रासारखा एकच टोकदार डोंगर नव्हे. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून रस वर आला, पसरला, निवला. मग पुन्हा आला. थरावर थर चढत गेले. सह्याद्रीच्या बाजूला त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात आहे, आणि आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर जमीन या दगडाखाली झाकलेली आहे. अजिंठा-वेरूळ यातच कोरलं, रायगड यावरच उभा राहिला. (लोणारचं सरोवर मात्र यात धरू नका. पुष्कळ जण ते ज्वालामुखीचं तोंड समजतात. ते उल्का आदळून पडलेलं विवर आहे.)

घाटातून एसटीनं जाताना कड्यावर आडव्या पायऱ्या दिसतात. दोन पायऱ्यांच्या मध्ये काही ठिकाणी विटकरी लाल मातीचा पट्टा असतो, कुठं हातभर, कुठं वीतभर. पुढच्या खेपेला खिडकीशी बसलात तर तो पट्टा शोधा. खालचा थर निवला, वर पाऊस पडत राहिला, दगड झिजून त्याची माती झाली. मग एक दिवस वरून दुसरा रस आला आणि ती माती विटेसारखी भाजली गेली. म्हणजे तो पट्टा ही दोन उद्रेकांच्या मधली शांतता. एवढी लांब शांतता, की दगडाची माती व्हायला वेळ मिळाला.

त्या लाल पट्ट्यापाशी जरा रेंगाळा. आपल्याकडे तो पट्टा कड्याच्या पोटात आहे आणि प्रकरण कधीच मिटलेलं आहे. आज भारताच्या हद्दीत जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानच्या समुद्रातलं बॅरन बेट, आणि तिथं माणसांची वस्ती नाही. पण जगात पुष्कळ गावं अशी आहेत की ती या क्षणी त्या लाल पट्ट्यावर उभी आहेत. तिथं शाळा भरते, लग्नं लागतात, आठवडी बाजार होतो. वरचा थर अजून यायचा आहे.

ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांपुढं लाल रस येतो. तो थोडा वेळ बाजूला ठेवा. तो देखणा आहे, छायाचित्रात उठून दिसतो, आणि त्यामुळंच आपली फसगत करतो. बहुतेक ठिकाणी तो माणसाच्या चालीनं किंवा त्याहून हळू येतो. घर जातं, शेत जातं, रस्ता जातो. माणूस चालत बाजूला होऊ शकतो. अपवाद आहेत. काँगोतल्या न्यिरागोंगोचा रस इतका पातळ, की १९७७ साली तो पळणाऱ्या माणसांनाही मागं टाकून गेला. पण एकूण हिशेब मांडला तर माणसं मारली ती दुसऱ्याच गोष्टींनी, आणि त्या सगळ्या घरातल्या ओळखीच्या आहेत. राख, चिखल, हवा, पाणी.

राखेपासून सुरू करू. हा शब्दच मुळी दगा देणारा आहे. राख म्हटलं की आपल्याला चूल आठवते. आजी तिनं भांडी घासायची, नारळाच्या शेंड्या घेऊन. ती राख मऊ असते, फुंकर मारली की उडते. ज्वालामुखीची राख कशाच्याही जळण्यातून होत नाही. आतल्या वायूंच्या जोरानं वितळलेला खडक फुटून त्याची पूड होते, ती पूड. म्हणजे दगड आणि काच. आता डोळ्यात गेलेला तो कण आठवा. तसे कण आभाळातून पडताहेत, दुपार असून दिवे लावावे लागताहेत, कपाटात, पिठाच्या डब्यात, दातांखाली, छातीत, सगळीकडं तेच. पाण्यात ती विरघळत नाही; गटारात जाऊन सिमेंटसारखी बसते.

आणि तिचं वजन. दहा बाय दहाची खोली डोळ्यांसमोर आणा, वर पत्रा. त्या पत्र्यावर १० सेंटिमीटर, जेमतेम अर्धी वीत राख साठली आणि त्यात पाऊस पडला, तर एका चौरस मीटरवर १०० ते २०० किलो भार होतो. सगळ्या खोलीवर एक ते दोन टन, म्हणजे छपरावर कुणी मोटार आणून ठेवावी तसं. फिलिपिन्समध्ये १९९१ च्या जूनमध्ये पिनातुबो फुटला तेव्हा नेमकं वादळही त्याच दिवशी आलं होतं. राख भिजली, छपरं कोसळली, आणि त्या दिवसांत मेलेल्यांतले पुष्कळ जण घरात आसऱ्याला थांबलेले होते. बाहेर राख पडत असताना आत जाऊन दार लावून घेणं, हे तुम्हीही केलं असतं, मीही केलं असतं. पिनातुबोकडे आपण पुन्हा येऊ.

राख उंच आभाळातही असते आणि तिथं ती दिसत नाही. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो विमान जावा बेटाच्या दक्षिणेला होतं. लंडनहून निघालेलं, वाटेत मुंबईला थांबून पुढं गेलेलं. खाली गालुंगुंग नावाचा ज्वालामुखी धुमसत होता. वैमानिकांच्या रडारवर काही दिसलं नाही, कारण रडारला ढगातलं पाणी दिसतं आणि राख कोरडी असते. चारही इंजिनं एकामागून एक बंद पडली. आत गेलेली पूड तिथल्या उष्णतेनं पुन्हा वितळली होती आणि पात्यांना चिकटली होती. विमान तरंगत खाली आलं, इंजिनं गार झाली, चिकटलेली काच तडकून निघाली आणि इंजिनं पुन्हा सुरू झाली. जकार्ताला उतरताना पुढच्या काचेतून जवळपास काहीच दिसत नव्हतं. राखेनं ती घासून पांढरी केली होती. सगळे वाचले.

आता चिखल. इथं मला जास्त वेळ थांबायचं आहे, तुम्हीही थांबा.

कोलंबियात अँडीज पर्वतात नेवादो देल रुईझ नावाचा ज्वालामुखी आहे. उंची ५,३०० मीटरच्या वर, त्यामुळं विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही माथ्यावर कायमचं बर्फ. आजूबाजूचे लोक त्याला झोपलेला सिंह म्हणत. त्याच्या उतारावरून लागुनिया नावाची नदी निघते, खोल घळीतून वळणं घेत खाली येते आणि डोंगर सोडून सपाटीला लागते तिथं आर्मेरो नावाचं गाव होतं. वस्ती २९,००० च्या आसपास. माती उत्तम, कापसाचं पीक मोठं. त्या कापसावरूनच त्याला पांढरं शहर म्हणत. आपल्या विदर्भात काळ्या मातीत कापूस होतो, आणि ती काळी माती म्हणजे झिजलेला हाच कातळ, हे सहज आठवलं. आर्मेरोची जमीन झिजून तयार झालेली नव्हती. ती एका जुन्या चिखलाची होती. १८४५ साली याच घळीतून चिखलाचा लोंढा आला होता, हजारेक माणसं गेली होती, आणि तो चिखल सुकल्यावर त्याच्यावरच पुढं हे गाव उभं राहिलं. त्याच्याही आधी १५९५ मध्ये असंच झालं होतं.

१८४५ ते १९८५. १४० वर्षं. तुम्हाला तुमच्या पणजोबांचं नाव सांगता येतं का? त्यांच्या वडिलांचं? १४० वर्षांपूर्वी तुमच्या गावात काय घडलं, हे घरात कुणी बोलतं का? वतनाचा वाद, बांधाचं भांडण असेल तर कदाचित कागद निघतील. पूर आला होता, गाव बुडालं होतं, हे कुठल्या कपाटात मिळेल? आर्मेरोच्या माणसांना विसराळू म्हणण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारून घ्या. लाल पट्टा हा असा असतो. त्यावर राहणाऱ्याला तो पट्टा वाटत नाही, जमीन वाटते.

सिंहाची झोप वर्षभर आधीच चाळवली होती. १९८४ च्या अखेरीपासून हादरे, वाफ. १९८५ च्या ऑक्टोबरात शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा काढला. कुठून लोंढा येऊ शकतो ते त्यात रंगवलेलं होतं आणि आर्मेरो त्या रंगात होतं. नकाशा बरोबर होता. हे वाक्य मी बऱ्याचदा मनात घोळवलं आहे. नकाशा बरोबर होता.

आता १३ नोव्हेंबर १९८५ चा दिवस तासातासानं पाहू. पळू नका, त्या गावातल्या एखाद्या ओट्यावर बसा.

दुपारचे तीन. वर डोंगरात स्फोट होतो. संध्याकाळच्या सुमाराला गावात बारीक राख पडू लागते. लोक अंगणात येऊन वर बघतात, हातावर घेऊन चोळतात. दोरीवरचे कपडे कुणीतरी काढून घेतं. रेडिओवर सांगतात, शांत राहा, घरात थांबा. गाव हलवायचं का याची चर्चा वरच्या लोकांत चाललेली आहे. मग पाऊस येतो आणि राख पडायची थांबते. थांबली की माणसाला काय वाटतं? गेलं, टळलं. हे हायसं वाटणं ओळखीचं आहे. ताप उतरला की आपण औषध बंद करतो ते हेच.

रात्रीचे नऊ वाजून गेलेले. मोठा उद्रेक होतो. पण डोंगर दूर आहे आणि वर ढग इतके दाटलेले की खालून काही दिसत नाही. ज्वालामुखींच्या मानानं हा उद्रेक लहानच होता. माथ्यावरच्या बर्फाचा सगळा मिळून दहावा हिस्सा काय तो वितळला. तेवढा पुरला. ते पाणी घळींत उतरलं आणि राख, माती, धोंडे, झाडं घेत, जाडजूड होत निघालं. शास्त्रज्ञ त्याला लहार म्हणतात. शब्द मूळचा जावाचा, कारण तिथल्या लोकांना त्याचा सराव फार. दिसायला ते ओल्या काँक्रीटसारखं असतं, फक्त ते पळतं. चिखल गाव कसं गिळतो हे माळीणच्या दरडीनंतर आपल्याला वेगळं सांगायला नको.

इथं खरोखर थांबा. नऊ वाजून गेलेले आहेत. लोंढा निघालेला आहे. तो आर्मेरोला पोचला साडेअकराच्या सुमारास. मध्ये जवळजवळ अडीच तास आहेत. अडीच तासांत पुण्याहून ठाणं गाठता येतं. आणि आर्मेरोच्या माणसांना इतकं दूर जायचंही नव्हतं. गावाजवळच उंचवटे होते, चालत काही मिनिटांवर. अडीच तास माणसं जेवली, आवरलं, अंथरुणं घातली. वीज गेली तेव्हा बहुतेकांना पावसानं गेली असंच वाटलं असणार. वरच्या भागातल्या कुणी निरोप धाडले, कुणी धाडू शकलं नाही. गावचा महापौर, ज्यानं आधी धोक्याबद्दल आवाज उठवला होता, तो त्या रात्री हौशी रेडिओवर बोलत होता. बोलता बोलताच त्याच्या दारात पाणी आलं.

आधी पाणी आलं, मग चिखल. गावातली २०,००० हून जास्त माणसं गेली. आसपासची धरून सुमारे २३,०००.

मी यावर बराच काळ चिडत असे. कुणावर तरी राग काढावा असं वाटे. अधिकाऱ्यांवर, रेडिओवर, गाव हलवायला पैसे लागतात म्हणून दिरंगाई करणाऱ्यांवर. तो राग खोटा नाही, चूक झालीच. पण दर वेळी मन शेवटी त्या ओट्यावर येऊन बसतं. अंगणात राख पडते आहे, रेडिओ सांगतो आहे शांत राहा, आत भात शिजतो आहे, धाकट्याला खोकला आहे, बाहेर पाऊस आहे. उठून अंधारात टेकडीवर जायचं? आणि काहीच झालं नाही तर? सकाळी गल्ली हसेल. हसण्याची ती भीती मला स्वतःच्या अंगात स्पष्ट सापडते.

हात अजून पाट्यावर असेल तर तो दगड एव्हाना तुमच्या अंगाइतका ऊबदार झाला असेल.

आता हवा. हिच्यात तर काहीच दिसत नाही.

आपल्याकडे धान्य साठवायची पेवं असत, जमिनीत खोल. जुनं पेव उघडलं की कुणी एकदम आत उतरत नसे. आधी दोरीला बांधून दिवा सोडायचे. दिवा विझला तर आत ‘वारं’ वाईट आहे, थांबा. तो दिवा विझवणारा कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड, खड्ड्यात तळाला बसणारा. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये न्योस नावाचं तळं आहे, ज्वालामुखीच्या विवरात, दोनशे मीटरहून खोल. खालून तोच वायू पाण्यात झिरपत होता आणि पाण्याच्या भारानं तळाशी दबून राहिला होता, बूच लावलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री ते बूच उडालं. वायू तळ्याच्या काठावरून ओसंडला आणि पाणी उतरावं तसा दऱ्यांत उतरत गेला. सुमारे १,७०० माणसं गेली. काही तळ्यापासून २० किलोमीटरहून लांबची. चुलीवर भांडं तसंच, माणूस शेजारी. सकाळी गुरं पडलेली होती आणि त्यांच्यावर माश्या घोंघावत नव्हत्या, कारण माश्याही उरल्या नव्हत्या. पेवात दिवा सोडता येतो. सगळी दरीच पेव झाली तर दिवा कुठून सोडायचा?

त्याचं उत्तर नंतर सापडलं, तेही साधं. २००१ साली तळ्यात तळापर्यंत एक नळ सोडला. एकदा थोडं पाणी वर ओढलं की वायूच पाण्याला वर ढकलत राहतो. पंप लागत नाही. उंच कारंजं उडतं आणि तळ्याचा दाब थोडा थोडा उतरत जातो.

हवेची दुसरी गोष्ट त्याहून सावकाश मारणारी. १७८३ मध्ये आइसलंडात लाकीची भेग फुटली आणि आठ महिने वाहत राहिली. रसानं फारसं कुणी मेलं नाही. त्यातून निघालेलं फ्लोरीन गवतावर बसलं, ते मेंढ्यांनी खाल्लं, त्यांची हाडं आणि दात वेडेवाकडे वाढले, आणि त्या मेल्या. मग दूध नाही, मांस नाही. देशातली चार-पाचांतली एक व्यक्ती त्या दुष्काळात गेली. यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं दात पिवळे पडलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या विषाची ओळख आहे. तिथं ते खालून आलं, आइसलंडात वरून पडलं.

राहिलं पाणी. यावर फार बोलणार नाही, एकच चित्र ठेवतो. २७ ऑगस्ट १८८३. जावाजवळच्या सुंदा सामुद्रधुनीत क्राकाटोआ फुटला. त्याचा आवाज ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर तोफांच्या बारांसारखा ऐकू आला. ३६,००० हून जास्त माणसं मेली, बहुतेक लाटांनी. त्याच ऑगस्टच्या अखेरीस आपल्या वांद्र्याच्या किनाऱ्यावर भरती नेहमीसारखी आली, आणि मग समुद्र एकाएकी जोरानं मागं सरला. इतका झपकन, की माशांना परतायला वेळ मिळाला नाही. ते वाळूत, खडकांवर उघडे पडले. किनाऱ्यावरच्या लहानथोरांनी ते वेचले. मोठे, खायला चांगले मासे, आयते मिळालेले.

त्या संध्याकाळच्या चुलीपाशी थोडं बसा. कालवण उकळतं आहे. कुणाचा दोष नाही. जावाच्या किनाऱ्यावर गावंच्या गावं पुसून गेलेल्या पाण्याची शेवटची हालचाल त्या घरात आली ती अशी, आमटीच्या वासानं.

मग माणसं अशा जागी राहतातच का? हा प्रश्न लांबून विचारला जातो, आणि तो मला जरा उद्धट वाटतो. मुंबईत दरडीखाली आणि पुण्यात ओढ्याच्या पात्रात राहणाऱ्यांच्या शहरांत बसून तर तो विचारूच नये. राख एक-दोन पिढ्यांत खत होते. जावात मेरापीच्या उतारावर भात होतो, भाजी होते, गवत होतं, गुरं पोसतात. मेरापीचा एक राखणदार असतो, योग्यकर्त्याच्या सुलतानानं नेमलेला. डोंगराला नैवेद्य दाखवणं त्याचं काम. मारिजान नावाचे म्हातारे राखणदार २००६ मध्ये सगळ्यांनी सांगूनही हलले नाहीत आणि वाचले. २०१० मध्येही हलले नाहीत. २६ ऑक्टोबरला तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट त्यांच्या गावावरून गेला. त्यांचा देह प्रार्थनेच्या स्थितीत सापडला. त्यांना शहाणं म्हणावं की हट्टी, हे मला ठरवता येत नाही. एवढंच कळतं, की आधीच्या खेपेला वाचणं हेच पुढच्या खेपेला न हलण्याचं कारण झालं असावं.

आता पिनातुबोकडे परत येऊ. तिथलं थोडं वेगळं घडलं, आणि त्याचा धागा आर्मेरोला जाऊन मिळतो.

मोरिस आणि कातिया क्राफ्ट नावाचं एक फ्रेंच जोडपं होतं. ज्वालामुखी फुटला की सगळे पळून येतात, हे दोघे तिकडं धावायचे, कॅमेरा घेऊन. आर्मेरोनंतर त्यांच्या मनानं घेतलं, की नकाशे आणि अहवाल लोकांना दिसत नाहीत. लोकांना चिखल पळताना दिसला पाहिजे, तापलेल्या राखेचा ढग डोंगर उतरताना दिसला पाहिजे. त्यांनी आपल्या चित्रीकरणातून एक लहानशी फिल्म जुळवली. १९९१ च्या एप्रिलमध्ये पिनातुबोतून वाफ फुटू लागली. जवळपास ५०० वर्षं तो गप्प होता. पुष्कळांना तो ज्वालामुखी आहे हेच ठाऊक नव्हतं. फिलिपिनो आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी ती फिल्म मिळवली आणि गावांत, कचेऱ्यांत, लष्करी तळावर, जिथं जमेल तिथं दाखवली. ज्यांना शास्त्रज्ञांचं म्हणणं पटत नव्हतं, त्यांच्यातलेही काही ती पाहून उठले ते गप्प होऊन उठले.

३ जूनला क्राफ्ट पती-पत्नी जपानमध्ये उन्झेन ज्वालामुखीपाशी होते. डोंगरावरून सुटलेल्या तशाच एका लोटात ते गेले. त्या दिवशी तिथं ४३ जण गेले. बारा दिवसांनी, १५ जूनला, पिनातुबो पूर्ण ताकदीनं फुटला. विसाव्या शतकातल्या सगळ्यांत मोठ्या उद्रेकांपैकी तो एक. हजारो लोक त्याआधी बाहेर पडलेले होते. निदान ५,००० जीव त्यामुळं वाचले असा अंदाज आहे. छपरांखाली, आणि नंतर छावण्यांत रोगराईनं, शेकडो गेले तेही खरंच.

आणि ते तिथं संपलंही नाही. डोंगरावर साठलेली राख दर पावसाळ्यात चिखल होऊन खाली येत राहिली, वर्षानुवर्षं. १९९५ मध्ये बाकोलोर नावाचं गाव असं पुरलं गेलं. तिथलं सान गियेर्मो चर्च बारा मीटर उंच होतं, त्यातलं सहा मीटर जमिनीत गेलं. लोकांनी आतली वेदी उकरून वर आणली, नव्या जमिनीवर मांडली. पूर्वी उंचावर ज्या खिडक्या होत्या, त्यांतून आता माणसं चालत आत येतात. दाराऐवजी खिडकीतून, वाकून, रोजच्या प्रार्थनेला.

पाट्यावरचा हात आता काढला तरी चालेल. पाटा बाहेर काढलाच आहे तर वापरा. घासून स्वच्छ धुवा, खोबरं-लसूण वाटायला घ्या. फार दिवसांनी काढला असेल, किंवा नुकतीच टाकी लावून घेतली असेल, तर आधी मूठभर तांदूळ वाटा आणि ते वाटण फेकून द्या. त्यात कच येते.